कोपराच्या मापाचं टेबल

९ सप्टेंबर

चि. भाऊ,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. तू पलीकडून "हं, हं" करतोस आणि मला अलीकडे डाव्या कानाने धड ऐकू येत नाही. म्हणजे आपण दोघं मिळून काहीच बोलत नाही. आजपासून पत्र लिहायचं. जन्मभर लोकांच्या औषधाच्या बाटल्यांवर "जेवणानंतर दोनदा" लिहिलंस, आता महिन्यातून एकदा बहिणीला लिही.

मुंगीला जाऊन महिना होऊन गेला. मी तुझ्याकडून निघाले तेव्हा आठ दिवसांत येतो म्हणालास. आला नाहीस. का येत नाहीस ते मला कळतं. ही खोली तुला बघवणार नाही. तुझी लेक तीन वर्षांची असताना तू तिला माझ्या दारात सोडलीस, आणि पंधरा वर्षांची होईपर्यंत ती याच खोलीत झोपली. पण मी खोलीला कुलूप लावलेलं नाही. माझं शिवणाचं मशीन तिथेच आहे आणि मी रोज तिथे बसते. जमतं. तुलाही जमेल.

दुसरं, टेबलाचं. मागल्या खेपेला आली तेव्हा तिने मला भिंतीला उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. मी म्हटलं, "मापं घेणं माझा धंदा." तर म्हणाली, "आत्या, तू लोकांची घेतेस, तुझं कोण घेणार? खाटेवर वाकून कापड कापतेस, पाठीचा पार विळा झालाय." आजारी पडायच्या आधी तिने फोनवर सांगितलं होतं की टेबल झालंय, फक्त पाठवायचं राहिलंय. खिडकीखालची जागा मी मोकळी करून ठेवली आहे. टेबल घेऊन तूच ये. नाहीतर टेबल पाठव आणि मागून तू ये. पण ये.

दोन वेळा जेवतोस ना? खोटं लिहू नकोस.

तुझी ताई

*

२१ सप्टेंबर

ती. ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. जेवतो.

मुंगीची हत्यारं आणायला कारखान्यात गेलो होतो. कारखाना म्हणजे एक लांब खोली, वरती पत्रा आणि दोन मिस्त्री. थोरले सत्तरीचे आहेत आणि धाकटे पन्नाशीचे. नात्याने ते कोणीच नाहीत, पण बरोबर काम करून भांडायला भावांसारखे झाले आहेत. मुंगी नऊ वर्षं त्यांच्याकडे होती. तिचं काम करायचं बाक खिडकीजवळ आहे. त्यावर कोणी काही ठेवलेलं नव्हतं.

हत्यारांची पेटी मी उचलायला गेलो आणि मला ती उचलेना. वजन फार नव्हतं. थोरले म्हणाले, "बसा." मी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी एक लाकडाचा तुकडा माझ्यासमोर ठेवला, तिचा रंधा हातात दिला आणि म्हणाले, "रिकाम्या हातांनी कशाला बसता." मी तो तुकडा दुपारभर रंधत बसलो. त्याचं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आता रोज जातो.

टेबल मिस्त्रींनी हातगाडीवरून घरी आणून दिलं. चांगलं झालंय. फक्त वरचा तक्ता धरून ढकलला तर किंचित हलत होता. खालून पाहिलं तर तो चौकटीला चिकटवलेलाच नव्हता. लाकडाचे लहान लहान तुकडे खाचेत अडकवून तात्पुरता धरला होता. तेव्हाच तिच्या अंगात ताप असणार, आणि पक्कं करायचं राहून गेलं. मी ते तुकडे काढून टाकले, चौकटीच्या चारी बाजूंना गोंद भरला आणि लांब स्क्रू आवळले. बाटलीचं झाकण सैल राहिलं की औषध वाया जातं, ही माझी जन्माची सवय. आता ते तसूभरही हलत नाही. मिस्त्रींना बोललो नाही. तिचं काम अर्धवट राहिलं होतं हे त्यांना कशाला कळायला हवं?

रस्ते जरा कोरडे झाले की टेबल पाठवतो.

भाऊ

*

८ ऑक्टोबर

चि. भाऊ,

तुझ्या पत्रात "जेवतो" एवढा एक शब्द. काय ते नाही. बरं.

त्रेसष्टाव्या वर्षी सुतारकाम शिकतोस म्हणजे कमाल आहे. लहानपणी खुर्चीचा पाय मोडला तेव्हा तो दोरीने बांधून, वर चादर टाकून आईला फसवणारा तूच ना? आई बसली आणि तुझ्यासकट सगळे आडवे झालो. तुझे मिस्त्री तुला ओळखत नाहीत म्हणून बरं. बोटं सांभाळ. मुंगीची बोटं बघितली होतीस का कधी? प्रत्येक बोटावर एक तरी पांढरी रेघ. मी ओरडायचे, ती म्हणायची, "तुझ्या सुया नाही टोचत तुला?"

टेबल पक्कं केलंस ते बरं केलंस. आजारी असताना उभं राहून काम करत होती हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मला फोनवर काही बोलली नव्हती.

माझ्याकडे कामं खूप आली आहेत. खाटेवरच कापते अजून. टेबल लवकर आलं तर बरं होईल. पण रस्त्यांचं तू बघ.

ताई

*

१४ डिसेंबर

ती. ताई,

उशीर झाला. रागावू नकोस.

पहिला महिना नुसती धार लावण्यात गेला. पटाशी दगडावर घासायची, कोन बदलू द्यायचा नाही. थोरले धार लागली का ते मनगटावरचे केस काढून बघतात. माझी धार ते माझ्याच मनगटावर बघतात. आता माझ्या मनगटावर केस उरलेले नाहीत. धाकटे म्हणाले, "मुंगीचे बाबा, आता दाढी वाढवा, अजून बरंच शिकायचंय."

मग करवत. पेन्सिलीने खूण केली की रेघेच्या मधोमध कापायचं नाही, बाहेरच्या कडेने कापायचं. रेघ अर्धी तरी शिल्लक दिसली पाहिजे. थोरले म्हणतात, "रेघ खाल्लीत की माप खाल्लंत." मी पहिले कितीतरी दिवस रेघा खात होतो.

दोघं शिकवतात, पण एकसारखं शिकवत नाहीत. खणाचे कोपरे एकमेकांत अडकवून जोडताना आधी कुठली फळी कापायची, यावर त्यांचं फार जुनं भांडण आहे. एकाने सांगितलेलं केलं की दुसरा येऊन मान हलवतो. मुंगीने यावर तोड काढली होती म्हणे. एकाच खणाचे दोन कोपरे थोरल्यांच्या रीतीने केले, दोन धाकट्यांच्या, आणि दोघांना म्हणाली, "ओळखा." दोघांनाही ओळखता आलं नाही. हे सांगताना धाकटे हसत होते. थोरले उठून बाहेर गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "पटाशी अशी धरतात का?" मी नीटच धरली होती.

ती नऊ वर्षं रोज संध्याकाळी घरी यायची, मी "दमलीस का" विचारायचो, ती "नाही" म्हणायची. एवढंच आमचं बोलणं. आता तिथे रोज काहीतरी ऐकायला मिळतं. दुसऱ्याच कोणाच्या मुलीबद्दल सांगतायत असं वाटतं.

टेबल इथे खिडकीजवळ आहे. सकाळी चहा त्याच्यावर घेतो. थंडी संपली की पाठवतो.

भाऊ

*

१९ जानेवारी

चि. भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. कोपऱ्यांची गोष्ट शेजारणीला सांगितली, तीही हसली.

तू बोलत नव्हतास, म्हणून तिने काही मनात धरलं नव्हतं. माझ्याकडे आली की तुझ्या नकला करायची. चष्मा नाकावर घेऊन "दमलीस का" म्हणायची, हुबेहूब. मग म्हणायची, "बाबा दिवसभर तेवढा एक प्रश्न जपून आणतात." प्रेमाने म्हणायची. तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

आधी रस्ते ओले होते, आता थंडी आहे. टेबलाला सर्दी होते का रे? तू ते ठेवून घ्यायला बघतोयस अशी शंका मला येते. येऊ नये, पण येते. पाठ फार दुखते हल्ली.

ताई

*

२ मार्च

ती. ताई,

टेबल पाठवता येणार नाही. कारण विचारू नकोस. तुझ्या मापाचं दुसरं टेबल मी करायला घेतो. मिस्त्री मदत करतील. पावसाच्या आत होईल.

भाऊ

*

१३ मार्च

भाऊ,

दुसरं टेबल मला बाजारातही मिळतं.

ती पंधराची झाली तेव्हा तू आलास आणि म्हणालास, "ताई, आता तिला माझ्याकडे राहू दे." मी तिची पेटी भरली. एक शब्द बोलले का? तिला वेणी घालायला मी शिकवलं, तापात उशाशी मी बसले, शाळेत तक्रार आली तर मान खाली घालून मी उभी राहिले. तरी तू बाप, म्हणून तुझा हक्क पहिला, असं मीच स्वतःला समजावलं. शेवटचे दिवसही तुझ्याच वाट्याला आले. मी पोहोचले तेव्हा ती मला ओळखत नव्हती.

तिने एक वस्तू माझ्यासाठी केली. माझ्या कोपराचं माप घेऊन केली. ती वस्तूही तुलाच हवी?

ठेव. चहा घे त्याच्यावर. खिडकीखालच्या जागेत मी कापडाचे गठ्ठे रचले आहेत.

ताई

*

१७ मे

ती. ताई,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला दोनदा बसलो होतो. जमलं नाही. आज सगळं लिहितो.

फेब्रुवारीत एका दुपारी मी जरा पडलो होतो. काठी मोडल्यासारखा आवाज आला. उठून पाहिलं तर टेबलाचा तक्ता फुटला होता. एका टोकापासून हातभर सरळ चीर गेली होती, त्यात नख सहज जात होतं. दोन फळ्या जिथे जोडल्या आहेत, त्याच्या अगदी शेजारून.

मला वाटलं, तिचा सांधा चुकला. आधी तक्ता सैल राहिला, आता सांधा उकलला. तिचं शेवटचं काम कच्चं निघालं. ते तू बघू नयेस, मिस्त्रींनी बघू नये, एवढंच डोक्यात आलं. म्हणून चिरेवर चादर घातली आणि तुला तसं लिहिलं. तू म्हणतेस तसं टेबल ठेवून घ्यायचं माझ्या मनात डिसेंबरात होतं, हे खरं आहे. मार्चमध्ये नव्हतं.

गेल्या आठवड्यात थोरल्यांनी मला कपाटाचं एक लहान दार करायला दिलं. चार पट्ट्यांची चौकट, तिला आतून खाच, आणि मधली फळी त्या खाचेत बसवायची. मी खाचेत गोंद घालायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"फळी चिकटवायची नाही."

मी म्हटलं, "हलेल ना."

"हलायलाच हवी. लाकूड दमट हवेत रुंद होतं, कोरड्या हवेत आकसतं. झाड तोडलं, फळ्या केल्या, पॉलिश केलं तरी ते थांबत नाही. तुम्ही त्याला धरून ठेवलंत तर ते स्वतःला फाडून घेतं."

मी विचारलं, "टेबलाचा तक्ताही?"

"तक्ता तर आधी. म्हणून तो कधी चिकटवत नाहीत. खालून खिट्ट्या लावतात. लाकडाचा लहान तुकडा, एका टोकाला जीभ. जीभ चौकटीच्या खाचेत, दुसरं टोक स्क्रूने तक्त्याला. तक्ता फुगला, आकसला, तरी खिट्टी खाचेत मागेपुढे सरकते. मुंगीच्या खिट्ट्या बघा, एकसारख्या, जशा काही..."

मी हातातला गोंद खाली ठेवला आणि घरी आलो. टेबलाखाली बसून राहिलो.

ताई, ते अर्धवट नव्हतं. तो सैलपणा तिने मोजून ठेवला होता. ते तुकडे म्हणजे तिच्या खिट्ट्या. मी त्या कचऱ्यात टाकल्या आणि तक्ता सगळीकडून आवळून टाकला. आवळताना मला बरं वाटत होतं, तेही सांगतो. तिच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटत होतं.

संध्याकाळी दोघं मिस्त्री आपणहून घरी आले. मी चादर काढली. थोरल्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. मग धाकटे म्हणाले, "टेबल आणून ठेवलं तेव्हाच मी दोन शब्द सांगायला हवे होते. तेव्हा बोलायची सोय नव्हती." थोरले म्हणाले, "ही चूक सगळेच एकदा करतात. मी सासऱ्यांच्या कपाटाला केली. सासरे गेले, कपाट अजून दर उन्हाळ्यात माझ्या नावाने ओरडतं." आम्ही तिघंही थोडे हसलो.

आता पुढचं. थोरले म्हणतात, चीर पडलेली पट्टी पूर्ण कापून काढायची आणि उरलेला तक्ता पुन्हा जोडायचा. टेबल दोन बोटं अरुंद होईल, पण अखंड होईल. धाकटे म्हणतात, तक्ताच नवा घालू, कापडाच्या कामाला गुळगुळीत लागतो, आणि पाय, चौकट तिचीच राहील. दोघांत एक दिवस अबोलाही झाला. मग दोघंही म्हणाले, "टेबल ज्यांचं आहे त्यांना विचारा."

टेबल तुझं आहे. तू सांगशील तसं करू.

भाऊ

*

२८ जून

चि. भाऊ,

पत्र आलं त्याला महिना झाला. रागाने लिहिलं नाही असं नाही. आधी रागच आला. तिच्या खिट्ट्या कचऱ्यात टाकल्यास हे वाचून पत्र मशीनच्या खणात टाकलं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. शेजारण विचारायला आली, तिला म्हटलं दाढ दुखते.

मग मनात आलं, तू कारण का दडवलंस. तिचं काम कच्चं निघालं असं वाटलं म्हणून. अरे वेड्या, तिने मला तीन पायांचं टेबल पाठवलं असतं तरी मी चौथ्या पायाच्या जागी उभी राहिले असते. तिचं नाव माझ्यापासून कसलं राखत होतास? ती आठ वर्षांची असताना तिने मला पहिला रुमाल शिवून दिला, त्याला पाच कोपरे होते. मी तोच घेऊन एका लग्नाला गेले.

मार्चमध्ये मी जे लिहिलं ते चुकीचं नव्हतं. पण तेव्हा लिहायला नको होतं. झालं.

आता नीट ऐक. तिच्या तक्त्यातलं बोटभरही कापायचं नाही. नवा तक्ता तर अजिबात नको. गोंद आणि स्क्रू काढा. खिट्ट्या तू कर, तुझ्या हाताने, मिस्त्रींनी करायच्या नाहीत. चीर राहू दे. फक्त तिच्या कडा एवढ्या घासा की सूत अडकणार नाही. खडूची रेघ तिथे वाकडी जाईल, पण तीस वर्षं मी खाटेवरच्या गाद्यांवर रेघा मारल्या, मला सवय आहे.

मिस्त्रींना म्हणावं, टेबल जिचं आहे तिने सांगितलं, आता अबोला सोडा.

ताई

*

२२ ऑगस्ट

ती. ताई,

काम झालं. टेबल काल ट्रकवर चढवलं. धाकट्यांनी स्वतः जुन्या गाद्यांत गुंडाळलं.

गोंद काढणं सगळ्यात जड गेलं. ओलं फडकं, गरम इस्त्री, मग पातळ पाती घालून एकेक वीत सोडवायचं. मी चांगला घट्ट बसवला होता. शेवटची बाजू सुटली तेव्हा तक्ता थोडासा सरकला आणि चीर आमच्या डोळ्यांसमोर अर्धी मिटली. हल्ली हवा दमट आहे. कोरड्या दिवसांत ती पुन्हा उघडेल, पण वाढणार नाही, असं थोरले म्हणतात. कडा मी बारीक कागदाने घासल्या. धाकट्यांनी त्यावरून सुताचा दोरा ओढून पाहिला, अडकला नाही.

खिट्ट्या मी केल्या. आठ हव्या होत्या. पहिल्या कितीतरी फुकट गेल्या. कुणाची जीभ जाड, कुणाची आखूड. एक छान झाली असं वाटलं, तर थोरल्यांनी ती खाचेत घालून माझ्याकडे बघितलं. ती ढकलल्याशिवाय सरकत नव्हती. "आवळायची सवय जात नाही तुमची," म्हणाले. पुन्हा केली. शेवटी त्यांनी खाली उताणं झोपून आठही खिट्ट्या एकेक करून पाहिल्या आणि उठताना काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे चांगलं, हे मला आता कळतं.

माझ्या खिट्ट्या तिच्या कामाशेजारी ओबडधोबड दिसतात. खालून आहेत, कोणाला दिसणार नाहीत.

तिला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी आम्ही तिघंही कारखान्यात होतो. सुट्टी घ्यावी असं कोणी म्हटलं नाही. तिच्या बाकावर मी काम करत होतो. संध्याकाळी निघताना थोरल्यांनी मला विचारलं, "दमलात का?" मी नाही म्हणालो. घरापर्यंत चालत आलो, दार उघडलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसलो.

टेबलाबरोबर यायचं मनात होतं. ट्रकवाल्याच्या शेजारी जागाही होती. चढलो नाही. राग मानू नकोस. ती खोली मला अजून जमत नाही.

भाऊ

*

११ सप्टेंबर

चि. भाऊ,

टेबल पोहोचलं. ट्रकवाल्याने आणि शेजारच्या दोघांनी मिळून आत आणलं. गठ्ठे मी आदल्या दिवशीच हलवले होते. तुला ते कळवलं नव्हतं.

जवळ जाऊन उभी राहिले. दोन्ही हात ठेवले. कोपर बरोबर तिथे आले. वाकावं लागलं नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि जे रडायचं होतं ते रडून घेतलं. वर्षभर मी तसं रडले नव्हते, आज सांगते. तुला धीर द्यायचा म्हणून एकेक दिवस पुढे ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पहिलं कापड कापलं. चीर लागते हाताला, पण बोचत नाही. आता तर इतकी मिटली आहे की शोधावी लागते.

मग म्हटलं, भावाचं काम बघावं. जमिनीवर चटई टाकली आणि टेबलाखाली उताणी झोपले. तुझ्या आठही खिट्ट्या पाहिल्या. ओबडधोबड वगैरे काही नाहीत. जरा जाड आहेत, तुझ्या नाकासारख्या. बराच वेळ पडून होते. तिथून तिचं सगळं काम दिसतं, आणि तुझंही. वरून बघणाऱ्याला यातलं काही कळणार नाही. मग उठायला गेले तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. शेजारणीला हाका मारल्या. ती आली, मला टेबलाखाली बघून म्हणाली, "अहो, खाली काय करताय?" मी म्हटलं, "माहेरी आले आहे." तिने ओढून काढलं.

पण एक सांगायचं राहिलं. खिडकीकडच्या बाजूची दुसरी खिट्टी सरकत नाही. मी बोटाने ढकलून पाहिली. अडते आहे. कोरडे दिवस सुरू झाले की तिथून तक्ता पुन्हा फुटेल अशी मला भीती वाटते. इथल्या सुताराला हात लावू देणार नाही. ज्याने केली त्याने येऊन सैल करावी. मिस्त्रींपैकी कोणाला पाठवू नकोस, ते पाहुणे होतील आणि मला पाठ वाकवून पाहुणचार करावा लागेल. तूच ये.

खोलीत तुला झोपायचं नसेल तर बाहेर अंथरूण घालीन. दिवसा काम तेवढं आत येऊन कर.

ताई

*

२० सप्टेंबर

ती. ताई,

पत्र मिळालं. थोरल्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आठही मी स्वतः बोटाने सरकवून पाहिल्या होत्या. एकही अडत नव्हती." धाकटे म्हणाले, "अडत असेल." थोरल्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, शेवटचा भाग पुन्हा वाचला आणि म्हणाले, "हो. एखादी अडत असेल."

शुक्रवारी निघतो, शनिवारी सकाळी पोहोचेन. पटाशी आणि कानस बरोबर आणतो. तोपर्यंत तू खिट्टीला हात लावू नकोस.

काम किती दिवसांचं आहे ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. अंथरूण आतच घाल.

भाऊ